मांगरातली येझदी: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: मी देवगड तालुक्यात राहतो आणि एका पतसंस्थेत नोकरी करतो. वडिलांची १९७९ सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल त्यांच्या आजारपणापासून घरामागच्या मांगरात (सामानाच्या खोपीत) उभी आहे. वडील गेल्या वर्षी गेले. गाडीला आता किक बसत नाही, टाकीत गंज दिसतो आणि पुढचे चाक जाम आहे. एक मित्र म्हणतो की, गाडी पूर्ण खोलून फ्रेम पावडर कोटिंगला द्यावी. गॅरेजवाल्याने गाडी न पाहताच बोअर करावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करावा लागेल, असे सांगितले. कोल्हापूरचे एक गृहस्थ ती आहे तशी रोख पैसे देऊन न्यायला तयार आहेत, आणि पावसापूर्वी मांगर मोकळा हवा असे आईचे म्हणणे आहे. मी आजवर सायकलची चेन बसवण्यापलीकडे काही दुरुस्त केलेले नाही. हे काम मला जमेल का? आणि खर्च किती येईल?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

हे काम तुम्हाला जमेल. मात्र मित्राने सुचवलेला मार्ग तुम्ही धरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नवशिक्याने जुनी गाडी एकदम पूर्ण खोलली की तिच्यातली माहिती नाहीशी होते. कोणती वायर कुठून गेली होती, कोणत्या नटाखाली वॉशर होता, चाकाच्या कोणत्या बाजूला किती जाडीचा स्पेसर होता, हे सारे गाडी जुळलेली असतानाच समजते. शिवाय, मूळ बिघाड काय होता हे न कळताच सगळे भाग रंगवून पुन्हा जोडले, तर चकचकीत झालेली गाडी सुरू होत नाही आणि तोपर्यंत पैसे व उमेद दोन्ही संपलेले असतात. म्हणून आधी गाडी आहे त्या रूपात चालती करावी, एका वेळी एकच भाग हाती घ्यावा, आणि रंग व क्रोम सर्वांत शेवटी करावे. पुढचे सारे सांगणे याच क्रमाला धरून आहे.

आईंची अडचण रास्त आहे आणि ती सोडवणे अवघड नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामे सुरू होण्यापूर्वी गाडी मांगरातून पडवीत आणा. पुढचे चाक फिरत नसेल, तर ते उचलून फळीवर ठेवावे आणि दोघा-तिघांनी मिळून गाडी सरकवावी. ती मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीवर उभी करू नका, कारण अशी जमीन ओल धरते आणि तो ओलावा सायलेन्सर, रिम आणि इंजिनाच्या तळाला खातो. दोन चिऱ्यांवर जाड फळी टाकून तिच्यावर मेन स्टँडला गाडी उभी करावी आणि वर जुनी सुती चादर घालावी. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी आतून घामेजते आणि उघड्यावरच्या गाडीपेक्षाही लवकर गंजते. कोल्हापूरच्या गृहस्थांना सध्या नम्रपणे थांबायला सांगा. इंजिन मोकळे आहे की जाम, कागदपत्रे पुरी आहेत की अपुरी, हे कळल्याखेरीज गाडीची किंमत तुम्हालाही सांगता येणार नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी कागद बघा. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटून गेली असल्याने विलंबाचा दंड पडू शकेल, तरीही अर्ज करावाच. आई किंवा भावंडे वारस असतील, तर त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून तिचे नूतनीकरण करावे लागते. ते बरीच वर्षे राहून गेले असावे, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढील वाहनांना पर्यावरण करही लागतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे तुमच्या गाडीची मूळ नोंद आपल्याच भागातली असेल, तर ती जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची असणार. सिंधुदुर्गनगरीच्या परिवहन कार्यालयात ती सापडली नाही, तर रत्नागिरीत चौकशी करा. गाडीच्या आरसी बुकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून त्यांची छायाचित्रे काढा, आणि त्या जागेवर घासकाम किंवा जाड रंग कोणालाही करू देऊ नका. क्रमांक पुसट झालेली गाडी तपासणीत अडकते.

याच संदर्भात ‘व्हिंटेज’ शब्दाविषयीही सांगायला हवे, कारण तो विक्रेते सर्रास वापरतात. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनालाच तशी नोंदणी मिळते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला ती चालत नाही. तुमची गाडी २०२९ मध्ये पन्नाशी गाठेल. तुम्हाला तिच्यावरून बाजारात किंवा कामावर जायचे असेल, तर साधे नूतनीकरणच योग्य ठरेल.

आता गाडीकडे वळू. आपल्याकडचा गंज देशावरच्या गंजापेक्षा वेगळा असतो. खाऱ्या वाऱ्याने आणलेले मीठ गंजाच्या थरात मुरून राहते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे वरवर घासून रंग दिला तरी दोन पावसाळ्यांत त्याखाली फुगे येतात. म्हणून पहिले काम म्हणजे गाडी गोड्या पाण्याने सावकाश, दोन-तीनदा धुणे. कार्बोरेटरचे तोंड, सायलेन्सरची तोंडे आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने बांधून घ्या. गाड्या धुण्याच्या केंद्रातला जोराचा फवारा टाळा, कारण त्याचे पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते. धुतल्यावर गाडी उन्हात कोरडी होऊ द्या आणि प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारा. ॲल्युमिनिअमच्या केसिंगमध्ये बसलेले लोखंडी स्क्रू या हवेत हमखास अडकतात, कारण दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये मिठाचे पाणी आले की ॲल्युमिनिअम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूला आवळून धरते. असा स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवायला गेल्यास त्याची खाच जाते. हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. तुमच्या हत्यारांमध्ये त्याचा उपयोग सर्वांत अधिक होईल.

किक बसत नाही याचा अर्थ पिस्टन धरला आहे असाच होईल असे नाही. किकची यंत्रणा किंवा क्लचही अडकलेला असू शकतो, म्हणून निदान क्रमाने करावे. स्पार्क प्लग काढा आणि त्याचे टोक नीट पाहा. ते काळे आणि तेलकट असेल तर चिन्ह चांगले आहे. त्यावर तांबूस गंज असेल तर सिलिंडरमध्ये ओल गेली आहे. तुमच्या येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली थांबला की एक्झॉस्टचे दार उघडे राहते, आणि रोडकिंगच्या दोन्ही सायलेन्सरमधून दमट हवा वर्षानुवर्षे थेट सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोहोचते. प्लगच्या भोकातून टॉर्चचा झोत टाकून आत डोकावा. पिस्टन वर असेल, तर डिझेल आणि टू-टी तेल (टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल) समभाग मिसळून त्यातले थोडे आत ओता, चार-पाच दिवस मुरू द्या आणि रोज थोडी भर घालत राहा. पिस्टन खाली असेल, तर ओतलेले तेल सायलेन्सरमध्ये निघून जाईल. अशा वेळी हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट थोडेथोडे, आलटून-पालटून सैल करून हेड उतरवावे आणि तेल भिंतीवर कडेकडेने लावावे.

त्यानंतर गाडी चौथ्या गियरमध्ये टाका. गियर पडत नसेल तर मागचे चाक हलवत लिव्हर दाबा. मग मागचे चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलके झोके द्या. चाक बोटभर जरी हलले, तरी त्या दिवशी थांबा, पुन्हा तेल घाला आणि दुसऱ्या दिवशी पुढे जा. किकवर उभे राहून उड्या मारणे किंवा पिस्टनवर छिन्नी ठेवून ठोकणे कटाक्षाने टाळा. येझदीमध्ये किक आणि गियर यांची लिव्हर एकच असते, आणि तिच्यावर अशी जबरदस्ती झाली तर आतले दाते तुटून पूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते. या कामात घाई न करणाऱ्यालाच यश येते आणि तुमच्यापाशी वेळ आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

इंजिन फिरू लागले की लगेच सुरू करून पाहण्याचा मोह होईल, पण तिथेच नवशिक्याचे सर्वाधिक नुकसान होते. पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ते कडक होऊन चिरलेले असतात. एका बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा क्रँककेसमध्ये शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि त्यासोबतचे तेल कमी पडते आणि पिस्टन तापून धरतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर त्या केसमधले तेल इंजिनात ओढले जाते आणि पांढऱ्या धुराचे लोट निघू लागतात. दुसरी गोष्ट क्रँकच्या आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. टू-स्ट्रोकमध्ये त्यांना वंगण पेट्रोलमधल्या तेलाचेच मिळते, ते कधीच ओघळून गेलेले असते आणि त्यांच्यावर गंजाचे ठिपके पडलेले असतात. प्लग काढून इंजिन हाताने फिरवताना आतून करकर ऐकू आली, किंवा हेड उतरवून पिस्टन वर-खाली दाबल्यावर रॉडमध्ये ढिलेपणा जाणवला, तर क्रँक बाहेर काढावाच लागेल. सील बदलणे मात्र मी तरीही गृहीतच धरतो.

क्रँकचे काम स्वतः करू नका. क्रँक दाबून उघडणे, नवा रॉड बसवणे आणि सरळ रेषेत आणणे हे प्रेस, लेथ आणि डायल गेज असलेल्या माणसाचेच काम आहे. इंजिन फ्रेममधून उतरवणे, धुणे, भाग नीट पॅक करून नेणे आणि परत आणून बसवणे तुम्ही करावे. त्यात पैसेही वाचतात आणि शिकणेही होते. बोअरविषयी एवढेच सांगतो की, सिलिंडर मोजल्याखेरीज बोअर सांगणाऱ्यावर विसंबू नका. प्रत्येक बोअरला सिलिंडरची भिंत पातळ होते आणि पुढचा, मोठा पिस्टन घालावा लागतो. अशा पायऱ्या मोजक्याच असतात, म्हणून एकही वाया घालवू नये. अनेकदा होनिंग करून, म्हणजे सिलिंडरची भिंत आतून हलकी घासून, पिस्टनला नव्या रिंगा घालणे पुरते. मोजमाप समोर उभे राहून करून घ्या आणि आकडे लिहून ठेवा.

आपल्या किनाऱ्यावर एक सोय आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. देवगड, मालवण, वेंगुर्ला यांसारख्या बंदरांत होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे फिटर असतात. त्यांची इंजिने डिझेलची असली, तरी खाऱ्या पाण्याने अडकलेला बोल्ट गरम करून सोडवणे, तुटलेला स्टड काढणे, गेलेले आटे पुन्हा पाडणे यांत त्यांचा हात बसलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिनांची कामे जोरात चालू असतात, म्हणून त्यांना त्याआधी गाठणे बरे. दुचाकीच्या गॅरेजमध्ये ज्या बोल्टवर हात टेकले जातात, तो तिथे निघण्याची शक्यता पुष्कळ असते.

टाकी तुमची तुम्हाला साफ करता येईल. उरलेले पेट्रोल काढून ती साबणाच्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. पेट्रोलचा कॉक काढून तिथे रबरी बूच घट्ट बसवा आणि लिटरभर गरम पाण्याला दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड या प्रमाणात द्रावण काठोकाठ भरा. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. दिवसभराने द्रावण ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग स्वच्छ पाण्याने टाकी खळबळून घ्या आणि कडक उन्हात वाळवा. वाळताच आतून टू-टी तेल फिरवा, नाहीतर आपल्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस थर दिसू लागतो. तळाला बारीक भोके निघाली, तर टाकी तशीच वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि तिचा स्फोट होऊन माणसे दगावतात. टाक्यांचेच काम करणारा कारागीर शोधावा.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला व कॉकच्या वॉशरला फुगवते. म्हणून पेट्रोलची नळी, वॉशर आणि कार्बोरेटरचे पॅकिंग नवेच घाला, आणि गाडी पंधरवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोके) साफ करताना तार घालू नका, भोक मोठे होते. कार्बोरेटर क्लीनर आणि सायकलच्या पंपाची हवा पुरेशी होते.

विजेच्या बाबतीत गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, हे हेडलाइटच्या मूळ बल्बवर वाचा आणि त्याप्रमाणेच बॅटरी घ्या. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगला नवी बॅटरी थेट जोडू नका. आधी बॅटरीच्या वाटेत एक बल्ब जोडून पाहा. सर्व बटणे बंद असताना तो पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. ठिणगीसाठी उघडझाप करणारे इग्निशनचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवा, आणि कंडेन्सर नवाच बसवा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेक आणि चाके व्हायलाच हवीत. गाडी सुरू झाली की तिच्यावरून एक फेरी मारावीशी वाटते, आणि आपले रस्ते उतारांचे व घाट्यांचे आहेत. पुढचे चाक बहुधा ड्रमला गंजून चिकटलेल्या ब्रेक शूमुळे जाम असेल. ॲक्सल काढून ड्रम उघडताना आतली भुकटी फुंकू नका, पाण्याने ओली करून फडक्याने पुसून घ्या, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. लायनर, केबल, टायर आणि ट्यूब हे चारही नवे घ्या, मग जुने टायर दिसायला कितीही चांगले असोत. स्पोक गंजलेले असतील तर त्यांवर रंग मारून वेळ मारून नेऊ नये.

रंग आणि क्रोम हे काम दिवाळीनंतर काढा. जून ते सप्टेंबर या काळात प्राइमरखाली ओल अडकते. फ्रेमचा रंग उडाला असेल तर ती अवश्य रंगवा. पावडर कोटिंगला माझा विरोध नाही, पण त्याला कुठे टोचा पडला तर मीठ आतल्या आत पसरते आणि वरून कळत नाही, म्हणून किनाऱ्यावर मी चांगल्या प्राइमरवरचा साधा रंग पसंत करतो. टाकीवरचा मूळ रंग आणि रेघा निम्म्याहून अधिक शाबूत असतील, तर ती रंगवू नका, फक्त पॉलिश करा. वडिलांच्या गुडघ्यांनी झिजलेला तो रंग एकदा खरवडला की कोणत्याही पैशाने परत येणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून तुम्हाला गाडी कशासाठी हवी आहे ते मला स्पष्ट दिसते.

सुट्या भागांविषयी निश्चिंत राहा. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला असला, तरी या गाड्यांचे चाहते इतके आहेत की बहुतेक भाग नव्याने बनवून विकले जातात. त्यांचा दर्जा मात्र सारखा नसतो, म्हणून नवा भाग बसून गाडी नीट चालल्याखेरीज जुना भाग फेकू नका. २०२२ मध्ये येझदी नावाने पुन्हा बाजारात आलेल्या गाड्यांचे भाग तुमच्या गाडीला बसत नाहीत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले अनेक शहरांत एकत्र जमतात. तिथे एकदा जाऊन या. खात्रीचा लेथवाला कोण, हे तिथे कळेल.

गाडी न पाहता खर्चाचा आकडा सांगणे बरोबर होणार नाही. पण पैसे कसे राखून ठेवावेत, ते सांगता येते. पहिला वाटा ब्रेक, टायर, केबल आणि वायरिंगचा, कारण तो टळणारा नाही. दुसरा इंजिनाचा, आणि त्याचा अंदाज मोजमाप झाल्यावरच येईल. रंग आणि क्रोम यांना पहिले दोन वाटे भागल्यावर जे उरेल ते द्यावे, आणि या वर्षी काही उरले नाही तर ते काम पुढच्या वर्षी करावे.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी मोकळ्या हवेत, खळ्यात घ्या, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा आणि ताज्या पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर टू-टी तेल मिसळा. जुने तेल जळेपर्यंत धूर भरपूर येईल, त्याने घाबरू नका. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग आपोआप चढू लागला, तर आत कुठूनतरी हवा शिरते आहे असे समजून लगेच बंद करा आणि सील व पॅकिंग पुन्हा तपासा. पहिली फेरी गावातल्या सपाट रस्त्यावर मारा, परत आल्यावर गार झालेल्या इंजिनाचे हेडचे नट, चाकांचे नट आणि स्पोक पुन्हा आवळा. रिंगा नव्या घातल्या असतील, तर पहिले पाचशे किलोमीटर गाडी चढावावर खेचू नका आणि एकाच वेगाने फार वेळ पळवू नका. तोवर प्लगचे टोक, सिलिंडरचे माप आणि परिवहन कार्यालयाचे उत्तर या तीन गोष्टी कळल्या की मला पुन्हा लिहा, म्हणजे इंजिन उघडायचे की नाही यावर नेमके सांगता येईल.